बुएन रेतिरो : राजोद्यान ते नगरोद्यान

(ग्रंथालयाच्या वाचकांपुढे दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



भाषांतरकाराला व्याख्यानासाठी बोलावण्यात थोडी जोखीम असते. दुसऱ्याच्या वाक्याला धरून चालण्याची त्याला इतकी सवय झालेली असते की स्वतःचे म्हणून काही सांगण्याची वेळ आली म्हणजे तो पुन्हा शब्दांचाच आधार शोधू लागतो. मीही आज तेच करणार आहे. विषय आहे स्पेनची राजधानी माद्रिद येथील 'बुएन रेतिरो' या उद्यानाचा. प्रारंभ मात्र मला त्याच्या नावापासूनच करावा लागेल.

'रेतिरो' म्हणजे माघार घेऊन राहण्याची जागा, एकांतवास. 'बुएन' म्हणजे चांगला. माद्रिदच्या पूर्व कडेला हेरोनिमो संप्रदायाचा एक मठ होता. राजघराण्यात दुःखाचा प्रसंग आला किंवा ईस्टरपूर्वीचे उपवासाचे दिवस आले म्हणजे राजा या मठातील आपल्या खास दालनांत येऊन राहत असे. नाव आले ते तेथून. या नावाला मराठी प्रतिशब्द शोधताना मी बरेच दिवस अडलो होतो. 'एकांतवास' म्हटले तर तुरुंगाची आठवण होते आणि 'विश्रामधाम' म्हटले तर सरकारी बंगल्याची. मग 'आराम' हा शब्द हाती आला. आज आपण तो फारसीकडून आलेल्या विश्रांतीच्या अर्थाने वापरतो. पण संस्कृतात 'आराम' म्हणजे लावलेले उपवन. अमरकोशाने त्याचा अर्थ कृत्रिम वन असाच दिला आहे आणि बौद्धांच्या 'संघारामा'त तो अर्थ अजून टिकून आहे. एकच शब्द बागही आहे आणि विसावाही. तरीही शेवटी मी 'रेतिरो' हेच नाव कायम ठेवले, कारण ज्या नावासाठी माणसे भांडली ते नाव भाषांतरकाराने बदलू नये असे माझे मत आहे.

आणि या उद्यानासाठी माणसे खरोखरच भांडली आहेत. मला आज प्रामुख्याने तीच हकीकत सांगायची आहे.

सतराव्या शतकाच्या चौथ्या दशकात राजा चौथा फेलिपे याचा सर्वाधिकारी मंत्री ओलिवारेस याने मठालगतच्या त्या दालनांचा विस्तार करून राजासाठी एक नवा प्रासाद उभारण्यास घेतला. १६३३ च्या डिसेंबरात त्याचे उद्घाटन झाले. स्पेन त्या वेळी युरोपभर युद्धे लढत होता आणि खजिना सतत रिकामा होत होता. अशा वेळी राजाच्या करमणुकीसाठी चाललेला हा खर्च माद्रिदच्या लोकांना रुचणे शक्यच नव्हते. ओलिवारेसला दुर्मिळ पक्षी पाळण्याचा छंद होता आणि त्याचे पक्षिगृह याच जागी होते. त्यावरून लोकांनी साऱ्या प्रासादाचेच नाव ठेवले, 'खुराडे'. राजवाड्याला कोंबड्यांचे खुराडे म्हणणारी ही थट्टा ओलिवारेसला फार झोंबली असे इतिहासकार सांगतात, आणि ते पटण्याजोगे आहे.

बांधकाम घाईचे होते. भिंती विटांच्या, रूप साधे. आतील वैभव मात्र असामान्य होते. 'राज्यांचे दालन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सभागृहासाठी वेलास्केसने 'ब्रेदाची शरणागती' हे आपले चित्र काढले. सुर्बारानने हर्क्युलीसच्या पराक्रमांची चित्रमालिका रंगवली. ती चित्रे आज शेजारच्या प्रादो संग्रहालयात आहेत. बाहेर बागेत एक मोठा आयताकृती तलाव खणण्यात आला. कोझिमो लोत्ती नावाच्या इटालियन यंत्रकुशल कलावंताने त्या पाण्यावर रंगमंच उभारले आणि १६३५ मध्ये काल्देरोनचे एक नाटक या तलावावरच सादर झाले. माद्रिदसारख्या कोरड्या पठारावरील शहरात इतके पाणी केवळ देखाव्यासाठी साठवणे हा स्वतःच सत्तेचा एक देखावा होता. जमिनीखालच्या पाटांतून आणि रहाटांच्या साह्याने ते आणावे लागे. येथे भाषेचा एक लहानसा दाखला देतो. स्पॅनिशमध्ये रहाटाला 'नोरिआ' आणि पाटाला 'असेकिआ' म्हणतात, आणि हे दोन्ही शब्द अरबी आहेत. ज्यांचे राज्य स्पेनच्या राजांनी मोडले, त्यांच्याच शब्दांनी त्यांच्या बागेला पाणी मिळत होते.

१७३४ साली नाताळच्या पूर्वरात्री माद्रिदचा जुना राजवाडा आगीत भस्मसात झाला. नवा राजवाडा राहण्याजोगा होईपर्यंत, म्हणजे १७६४ पर्यंत, दरबार रेतिरोतच भरत होता. तो तेथून हलल्यावर बागेचे काय करावयाचे हा प्रश्न निर्माण झाला.

सामान्य माणसाचे पाऊल या बागेत पडले ते १७६७ मध्ये. राजा तिसरा कार्लोस याने बागेचा काही भाग नागरिकांना फिरण्यासाठी खुला केला. सुधारकी वृत्तीचा हा राजा. शहरातील दिवे, गटारे, हमरस्ते यांकडे त्याने जातीने लक्ष पुरवले. परंतु उद्यानात येण्यास त्याने एक अट घातली होती, आणि ती अट वेषाची होती. पुरुषांनी केस नीट विंचरलेले असावेत. डोक्याला टोपी अथवा केसांची जाळी असू नये. अंगावर लांब झगा असू नये. स्त्रियांनी डोक्यावरून घेण्याचे वस्त्र उतरवून यावे.

ही अट वरवर शिष्टाचाराची वाटते. पण ती कळण्यासाठी एक वर्ष मागे जावे लागेल. १७६६ च्या मार्चमध्ये राजाचा इटालियन मंत्री एस्किलाचे याने हुकूम काढला की माद्रिदमध्ये कोणी लांब झगा व रुंद काठाची टोपी घालू नये. त्यांच्या आड चेहरा व शस्त्र लपते, म्हणून आखूड झगा व त्रिकोणी टोपी वापरावी. पाव आधीच महागलेला होता. लोकांनी हे सहन केले नाही. शहरात मोठी दंगल उसळली, जमाव राजवाड्यापर्यंत गेला आणि राजाला माद्रिद सोडून आरान्हुएसला जावे लागले. मंत्र्याला देशाबाहेर पाठवण्यात आले. म्हणजे जो वेष रस्त्यावर उतरवता आला नाही, तो वर्षभराने बागेच्या दाराशी उतरवून ठेवावयाचा होता. माद्रिदच्या खालच्या वस्तीतील माणसाचा अभिमानाचा पोशाख म्हणजे तो झगा आणि ती केसांची जाळी. फाटक उघडले खरे, पण आत येणाऱ्याने दाराशी कोणीतरी दुसराच माणूस व्हावे अशी अपेक्षा होती. तरीही लोक आले. मला याचे नवल वाटत नाही. माद्रिदचा उन्हाळा ज्यांनी अनुभवला असेल त्यांना सावलीची किंमत सांगावी लागत नाही.

नेपोलियनच्या आक्रमणाची हकीकत थोडक्यात सांगून पुढे जातो. १८०८ मध्ये फ्रेंच सैन्याने माद्रिद घेतले आणि उंचवट्यावरील ही बाग त्यांनी किल्ल्यासारखी वापरली. झाडे तुटली, प्रासाद खिळखिळा झाला. तिसऱ्या कार्लोसने १७६० मध्ये येथे चिनी मातीच्या भांड्यांचा राजकीय कारखाना काढला होता. तो १८१२ मध्ये नष्ट केला स्पेनचे मित्र म्हणवणाऱ्या इंग्रजांनी. शत्रूच्या हाती लागू नये म्हणून, असे कारण देण्यात आले. स्पर्धा नको म्हणून, असे माद्रिदकर म्हणत. उद्यानाच्या 'पार्तेरे' या भागात मूळचा मेक्सिकोचा एक प्रचंड वृक्ष आहे; त्याचे नाव 'आउएउएते', आणि हा शब्द स्पॅनिशने नाहुआत्ल भाषेतून घेतला. फ्रेंचांनी हा वृक्ष तोडला नाही, कारण त्याच्या फांद्यांच्या बेचक्यात त्यांनी तोफ बसवली होती, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका म्हणूनच ती ऐकावी.

युद्धानंतर गादीवर परत आलेल्या सातव्या फेर्नांदोने नवी झाडे लावली, पडझड झालेल्या बागेचा मोठा भाग पुन्हा लोकांना खुला केला, पण एक कोपरा राजघराण्यासाठी राखून ठेवला. त्याला 'राखीव' असेच नाव होते. तेथे त्याने कृत्रिम टेकडी, कोळ्याचे खोपटे असे लहानमोठे विनोद उभारले; वन्य प्राण्यांचा एक संग्रहही उद्यानात होता. अशा रीतीने राजाची मर्जी असेल तितकी बाग लोकांची, उरलेली राजाची, ही विभागणी आणखी अर्धशतक चालली.

आता मी १८६५ सालाकडे येतो. माझ्या दृष्टीने या उद्यानाच्या इतिहासातील हे सर्वांत महत्त्वाचे वर्ष होय, आणि त्या वर्षी उद्यानात एकही नवे झाड लावले गेले म्हणून नव्हे.

राणी दुसरी इसाबेल गादीवर होती. राज्याची तिजोरी रिकामी होती आणि पंतप्रधान नार्वाएस पैशाच्या शोधात होता. अशात घोषणा झाली की राणी राजघराण्याच्या मालमत्तेपैकी बराचसा भाग विकण्यास देत असून येणाऱ्या रकमेतील पंचाहत्तर टक्के राष्ट्राला अर्पण करणार आहे. पंचवीस टक्के तेवढे स्वतःकडे ठेवील. संसदेत राणीच्या औदार्याचा जयजयकार झाला. सरकारपक्षाची वृत्तपत्रे गहिवरून गेली.

माद्रिद विद्यापीठात इतिहासाचा एक प्राध्यापक होता, एमिलिओ कास्तेलार. प्रजासत्ताकवादी, वयाने बत्तिशीचा, वक्तृत्वासाठी प्रसिद्ध. २५ फेब्रुवारी १८६५ रोजी त्याने आपल्या वृत्तपत्रात एक लेख लिहिला. लेखाचे नाव 'एल रास्गो'. या शब्दाने मला पुष्कळ छळले आहे. 'रास्गो' म्हणजे थोर मनाची कृती, मनाचा मोठेपणा. पण त्याच शब्दाचा दुसरा अर्थ लेखणीचा फटकारा असाही आहे. राणीचा मोठेपणा आणि प्राध्यापकाचा फटकारा हे दोन्ही एका शब्दात बसवण्याची सोय मराठीत मला तरी सापडलेली नाही.

लेखातील मुद्दा मात्र कोणत्याही भाषेत स्पष्ट होतो. कास्तेलारचे म्हणणे असे की राजघराण्याची म्हणून समजली जाणारी ही मालमत्ता राणीची खासगी नाहीच. ती राष्ट्राची आहे. जे राष्ट्राचेच आहे ते राणी राष्ट्राला दान कसे करणार? उलट या व्यवहारात राष्ट्राच्या मालमत्तेचा चतुर्थांश राणीला मिळतो आहे, तेव्हा दाता कोण आणि याचक कोण हे लोकांनीच ठरवावे.

सरकारने कास्तेलारला प्राध्यापकपदावरून दूर करण्याचा आदेश दिला. विद्यापीठाचे कुलगुरू मोंताल्बान यांनी तो पाळण्यास नकार दिला, तेव्हा त्यांनाच दूर करण्यात आले. विद्यार्थ्यांनी ठरवले की या कुलगुरूंच्या घरासमोर रात्री वाद्ये वाजवून त्यांचा सन्मान करावयाचा. त्यास आधी परवानगी मिळाली, मग ती काढून घेण्यात आली. १० एप्रिलला नव्या कुलगुरूंनी पद स्वीकारले आणि त्या रात्री शहराच्या मध्यवर्ती 'पुएर्ता देल सोल' चौकात व भोवतीच्या गल्ल्यांत सैनिकांनी निःशस्त्र जमावावर हल्ला चढवला. अनेक माणसे ठार झाली, शंभराहून अधिक जखमी झाली. त्यांत केवळ रस्त्याने जाणारेही होते. स्पेनच्या इतिहासात ही 'संत दानिएलची रात्र' म्हणून ओळखली जाते. दुसऱ्या दिवशी मंत्रिमंडळाच्या बैठकीतच शिक्षणखात्याचा मंत्री आल्काला गालियानो याचा मृत्यू ओढवला.

मित्रहो, वाद एका बागेपुरता नव्हता हे उघड आहे; राजघराण्याच्या जमिनी आणि इमारती पुष्कळ होत्या. पण माद्रिदच्या माणसाच्या डोळ्यांपुढे जी गोष्ट होती ती रेतिरो. कारण त्याच सुमारास बागेची पश्चिमेकडील एक मोठी पट्टी, जेथे जुन्या प्रासादाचे अवशेष होते ती, घरबांधणीसाठी खासगी लोकांना विकण्यात आली. आज त्या जागेवर शहरातील उच्चभ्रू वस्ती आहे. प्रादो संग्रहालयातून बाहेर पडून उद्यानाकडे चालत गेलो तर मधल्या ज्या देखण्या घरांच्या रस्त्यांवरून आपण जातो, ते रस्ते म्हणजे एके काळची बागच. तेवढी बाग परत कधीच मिळाली नाही. क्रांती झाली म्हणून विकलेली जमीन परत येत नसते.

क्रांती १८६८ च्या सप्टेंबरात झाली. राणीने देश सोडला. त्याच वर्षी नव्या हंगामी सरकारने रेतिरो माद्रिदच्या नगरपालिकेच्या स्वाधीन केले आणि त्याचे नाव झाले 'माद्रिदचे उद्यान'. नाव फारसे रुळले नाही. लोक रेतिरोच म्हणत राहिले. परंतु कायद्याने जे बदलले ते मोठे होते. १७६७ मध्ये फाटक उघडले ते राजाच्या कृपेने, आणि कृपा करणारा कृपा काढूनही घेऊ शकतो. शंभर वर्षांनी त्याच फाटकातून माणूस आत शिरला तो मालक म्हणून. कास्तेलार पुढे १८७३ मध्ये स्पेनच्या पहिल्या प्रजासत्ताकाचा अध्यक्षही झाला. ते प्रजासत्ताक लवकरच कोसळले आणि राणीचा मुलगा बारावा आल्फोन्सो गादीवर आला, पण उद्यान नगराकडेच राहिले.

याच आल्फोन्सोचे भव्य स्मारक आज मोठ्या तलावाच्या काठावर आहे. ते पूर्ण होऊन १९२२ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. प्रवासी तेथे नावेत बसतात आणि छायाचित्रे घेतात. मला ते स्मारक फार भपकेबाज वाटते. त्यापेक्षा थोडे दक्षिणेला असलेला रिकार्दो बेलव्हेरचा 'पतित देवदूत' पाहावा. मिल्टनच्या महाकाव्यावरून सुचलेले, स्वर्गातून कोसळणाऱ्या ल्युसिफरचे हे शिल्प १८८५ मध्ये येथे उभे करण्यात आले, तेही इंग्रजांनी नष्ट केलेल्या त्या कारखान्याच्या जागी. कॅथलिक देशाच्या राजधानीत सैतानाला उद्यानातील चौक मिळावा, याचे कौतुक माद्रिदकर अजून सांगतात.

लोकांचे उद्यान झाले म्हणजे ते सर्वच लोकांचे झाले असे मात्र नाही, आणि हे सांगितल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. १८८७ मध्ये फिलिपीन्सचे प्रदर्शन रेतिरोत भरले. ते बेट-समूह तेव्हा स्पेनच्या ताब्यात होते. प्रदर्शनातील वनस्पतींसाठी वास्तुविशारद रिकार्दो वेलास्केस बोस्को याने लोखंड व काच यांचा एक महाल उभारला. लहानशा तळ्याकाठचा हा काचमहाल आजही उभा आहे आणि उद्यानातील सर्वांत सुंदर वास्तू तीच, हे मी निःशंकपणे म्हणेन. पण वनस्पतींबरोबर माणसेही आणली होती. फिलिपीन्स व आसपासच्या बेटांवरील स्त्रीपुरुष तळ्याच्या परिसरात झोपड्या बांधून 'दाखवण्यासाठी' ठेवण्यात आले, आणि त्यांतील काही जणांना मायदेश पुन्हा दिसला नाही. माद्रिदमध्येच त्यांचा मृत्यू झाला. फिलिपीन्सचा लेखक होसे रिसाल त्या वेळी युरोपात होता. आपल्या देशबांधवांना असे मांडून ठेवल्याबद्दलचा संताप त्याने मित्राला लिहिलेल्या पत्रांतून व्यक्त केला आहे. काचमहालाचे सौंदर्य यामुळे कमी होते असे मी म्हणत नाही. पण त्याच्या पायऱ्यांवर उभे राहिल्यावर हे ठाऊक असावे.

पुन्हा संत दानिएलच्या रात्रीकडे एकदा वळतो. त्या रात्री रस्त्यावरील विद्यार्थ्यांत कानारी बेटांवरून कायद्याच्या शिक्षणासाठी आलेला बावीस वर्षांपुढे नसलेला एक तरुण होता. त्यालाही सैनिकांचे तडाखे बसले. त्याचे नाव बेनितो पेरेस गाल्दोस. एकोणिसाव्या शतकातील स्पेनचा हा सर्वांत मोठा कादंबरीकार. १९१९ च्या जानेवारीत लोकवर्गणीतून त्याचा दगडी पुतळा रेतिरोत बसवण्यात आला. शिल्पकार होता तरुण व्हिक्तोरिओ माचो. समारंभाला गाल्दोस स्वतः हजर होता, पण तोपर्यंत त्याची दृष्टी पूर्ण गेली होती. त्याला उचलून पुतळ्यापाशी नेले आणि त्याने हातांनी चाचपून आपला चेहरा पाहिला. पुढल्याच वर्षी तो वारला. राजांचे पुतळे खजिन्यातून होतात. कादंबरीकाराचा हा पुतळा वाचकांनी केला, आणि तोही त्या बागेत, जी कोणाची याबद्दलच्या भांडणात त्याने तरुणपणी मार खाल्ला होता.

ग्रंथालयात बोलत असल्यामुळे आणखी दोन गोष्टी सांगण्याचा मोह आवरत नाही. माद्रिदचा वार्षिक ग्रंथमेळा १९६७ पासून या उद्यानात भरतो; एके काळी श्रीमंतांच्या घोडागाड्यांसाठी आखलेल्या रुंद रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पुस्तकांची दुकाने लागतात आणि लेखक आपापल्या खोपटात बसून सह्या करीत असतात. दुसरी गोष्ट प्राणिसंग्रहाची. ते जुने प्राणिगृह १९७२ मध्ये बंद करून जनावरे शहराच्या दुसऱ्या टोकाला नेण्यात आली. त्याची इमारत २०१३ पासून सार्वजनिक ग्रंथालय आहे. जेथे सिंह येरझारा घालीत तेथे आता मुले गृहपाठ करतात.

आज हे उद्यान सुमारे १२० हेक्टरांचे, म्हणजे तीनशे एकरांच्या आसपास आहे आणि त्यात पंधरा हजारांहून अधिक झाडे आहेत. २०२१ च्या जुलैमध्ये 'प्रादो' हमरस्त्यासह त्याला युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. त्याच वर्षीच्या जानेवारीत 'फिलोमेना' नावाच्या हिमवादळाने येथील असंख्य झाडे मोडली होती. पण झाडांची काळजी त्याआधीच सुरू झाली होती. २०१८ च्या मार्चमध्ये वाऱ्याने एक झाड कोसळले आणि त्याखाली चार वर्षांचे मूल दगावले. तेव्हापासून वाऱ्याचा वेग व हवामान यांचा अंदाज घेऊन नगरपालिका उद्यानाचे काही भाग, आणि धोका अधिक असल्यास सारेच उद्यान, बंद ठेवते. उन्हाळ्याच्या ऐन तडाख्यात, जेव्हा सावलीची गरज सर्वांत जास्त, नेमके तेव्हाच फाटके बंद असतात, अशी शेजारच्या वस्त्यांतील लोकांची तक्रार आहे. मूल गमावलेल्या शहराने सावध राहू नये असे कोणी म्हणणार नाही. पण बागेला कुलूप लावणे सोपे आणि प्रत्येक झाड तपासणे कठीण, म्हणून कुलूप लावले जाते काय, हे विचारण्याचा त्यांना अधिकार आहे, आणि ते विचारतातही.

उद्यानाचा एक नकाशा मागच्या मेजावर ठेवला आहे. १८६५ च्या सुमारास विकली गेलेली पश्चिमेची पट्टी मी त्यावर पेन्सिलीने आखून दाखवली आहे. ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी जाण्यापूर्वी जरूर पाहावी.